जावयाची डोमकळी

आमचे जिजाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, डिंपलचे यजमान लीलाधरराव, फुलांचे फोटो काढतात. एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, काढू देत की बापडे, कुणाचं काय जातं. सुरुवातीला मीही तेच म्हणत होतो.

धुळ्यात एका पतसंस्थेत ते मोठ्या खुर्चीवर बसतात. आठवडाभर माणसांना उभं करतात आणि रविवारी फुलांपुढे आडवे होतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. मॅक्रो लेन्स म्हणून एक भिंग असतं, त्यातून मुंगीच्या मिश्या दिसतात. पण त्यासाठी फुलाला जवळजवळ नाक लावून पोटावर झोपावं लागतं. कॉलनीतल्या जास्वंदी, तगरी आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या संपल्यावर जिजाजींची नजर सासुरवाडीकडे वळली. सासुरवाडी म्हणजे आम्ही. पारोळ्याजवळ आमचं गाव, काळी जमीन आणि तिच्यात कपाशी.

आता आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. जावई दारात उतरला की खापर चुलीवर चढतं आणि पुरणाचे मांडे सुरू होतात. तो जेवल्याशिवाय घरातला पुरुष ताटावर बसत नाही. त्याचं काही चुकलं, तर ती चूक आपली असते. माझ्या आत्याच्या नवऱ्यानं एकदा आमची बैलगाडी नाल्यात घातली होती. तेव्हा माझ्या मायनं, कमलबाईनं, त्याला टोपी-उपरणं देऊन वाटेला लावलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. बैलाला काहीच मिळालं नव्हतं.

तर श्रावण लागला आणि जिजाजी दर रविवारी येऊ लागले. आधी मोटार बांधाजवळ लागायची, मग तीन पायांचा स्टँड, मग फुलावर उजेड पाडायचा चंदेरी पत्रा, मग फवारणीची छोटी बाटली निघायची. त्या बाटलीत पाणी आणि ग्लिसरीन असायचं. त्याचे थेंब फुलावर मारले की फोटोत ते दव म्हणून दिसतात. आमच्या वावरात खरं दव पडतं, पण ते पहाटे पडतं आणि जिजाजी नाश्ता करून निघतात. वारा आला की फूल हलायचं, म्हणून आम्ही चादर धरून उभे राहायचो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला डिंपल. शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर बंद करायला मी पळत जायचो, कारण त्यानं जमीन थरथरते असं जिजाजींचं म्हणणं. निंदणाऱ्या बायांची सावली फोटोत येते म्हणून त्यांना बांधावर बसवून ठेवायचं. बाया खूश होत्या. त्या म्हणायच्या, असा पाव्हणा रोज येवो.

एकदा त्यांनी एक फुलपाखरू मिठाईच्या डब्यात घालून आमच्या फ्रिजमध्ये ठेवलं. गार झालं की ते उडत नाही, फुलावर शहाण्यासारखं बसतं, ही त्यांची युक्ती. मायनं पेढे समजून डबा उघडला. पुढचे काही दिवस तिनं त्या फ्रिजमधलं दूध कुणाला दिलं नाही, पण जावयाला मात्र सांगितलं, भलतंच गोड पाखरू होतं बापू. आणि दर सोमवारी सकाळी फोनवर ते चित्र यायचं. फुलपाखरू, ग्लिसरीनचे थेंब आणि खाली अक्षरं: ‘निसर्ग कधी खोटं बोलत नाही.’ मी अंगठा पाठवायचो.

इथवर सगळं ठीक होतं. माणसाला छंद असावा, नसला तर तो राजकारणात जातो. पण मग डोमकळी आली.

ज्यांना कपाशी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाशीचं फूल सकाळी उमलतं, पिवळसर पांढरं, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. डोमकळी उमलतच नाही. तिच्या आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते आणि ती आतून पाकळ्या धाग्यानं शिवून टाकते. वरून बघाल तर गुलाबाची सुरेख कळी. ती दिसली की तोडायची, चुरडायची आणि खड्ड्यात पुरायची, त्याच दिवशी. ठेवली तर अळी बाहेर पडून बोंडात शिरते आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांचीच कपाशी आतून किडते. कुणा एकाच्या आळसाचं फळ अख्ख्या शिवाराला मिळतं.

म्हणून आमच्या गावानं कपाशी गट काढला होता आणि अध्यक्ष मला केलं होतं. ते पद मला फुकट मिळालं नव्हतं. माझ्या वडलांचं वावर शिवारात नावाजलेलं. लोक सोयरीक जमवायला आले तरी आधी आमच्या कपाशीच्या तासांतून, म्हणजे ओळींतून, फिरून जायचे. तेच नाव मी राखलं होतं आणि मला त्याचा माज होता, हेही सांगून टाकतो. नियम मीच केला: ज्याच्या वावरात तोडायची राहिलेली डोमकळी सापडेल, त्यानं गटात कुठलंही पद घ्यायचं नाही. दर शनिवारी आम्ही सगळे मिळून कुणाच्या तरी वावरात फिरायचो. माझ्या वडलांच्या वयाच्या झुलालआबांच्या बांधाकडेला एक डोमकळी सापडली, तेव्हा मी ती सगळ्यांसमोर उंच धरली आणि आबांना विचारलं, चष्म्याचा नंबर वाढला का.  आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जोड्याखाली चुरडली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी जिजाजी माझ्या कपाशीत पोटावर झोपले असताना एकदम कोपरांवर उठले. मग हळू आवाजात म्हणाले, “युवराजभाऊ, इकडे या. काय संकोच आहे हिच्यात, बघा.”

मी वाकून पाहिलं. डोमकळी. चांगली टपोरी, लिंबाच्या रंगाची, पाकळ्या एकमेकींत घट्ट गुंडाळलेल्या. माझा हात आपसूक पुढे गेला, तर जिजाजींनी तो मनगटाला धरला. चादरीच्या पलीकडच्या टोकाला डिंपल होती. तिनं कळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग दूर बाभळीकडे बघत राहिली. मी समजलो, बिचारी विनवते आहे की माझ्या नवऱ्याला तोंडघशी पाडू नको. मी म्हणालो, हो, वेगळीच आहे खरी.

ते गेल्यावर अर्थातच मी ती तोडून पुरली. पण प्रकाश मनासारखा मिळाला नाही म्हणून मंगळवारी जिजाजी रजा टाकून परत आले. झाडावर कळी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की बघवेना. मांडे तसेच राहिले, चहासुद्धा न घेता मोटार वळली. माय दिवसभर उपाशी. दुसऱ्या दिवशी डिंपलचा फोन आला की, हे दोन वेळचं जेवतात पण घरात एक शब्द बोलत नाहीत. मायनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“जवाईनं मन मोडू नको, भाऊ,” ती म्हणाली. “आपली पोर त्यासना घरमा शे.”

मग मी हात आवरला. पुढच्या रविवारी जिजाजींना दुसरी डोमकळी सापडली आणि त्यांनी तिच्या देठाला लाल रिबीन बांधली, म्हणजे कुणी चुकून हात लावायला नको. मग आजूबाजूला आणखी काही सापडल्या, त्यांनाही रिबिनी. पिकात रोग आणि रोगाला रिबीन, असं वावर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मी मनाशी म्हणायचो, एक रविवार, फक्त एक. पण एका रविवारी ढग आले, एकदा लेन्स पुसायचं फडकं घरी राहिलं. अळीला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती फोटोसाठी थांबत नाही.

शनिवारी गट माझ्या वावरात आला तेव्हा मी सगळ्यांना खालच्या अंगानं फिरवलं आणि वरच्या तासांत जावयाचं कॅमेऱ्याचं सामान मांडलंय म्हणून सांगितलं. सामान वगैरे काही नव्हतं. पण जावयाचं म्हटल्यावर कुणी पुढे पाऊल टाकलं नाही, सगळे खालूनच परतले. झुलालआबांनी फक्त जाताना वरच्या तासांकडे एकदा पाहिलं.  गावाला शिकवलेला नियम मीच मोडत होतो, तोही एका माणसाच्या दव मारण्याच्या हौसेपायी.

दसरा झाल्यावर धुळ्याच्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळानं प्रदर्शन भरवलं. जिजाजींना पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी हौसेनं आमच्या अख्ख्या गटाला बोलावलं, ‘शेतकरी बांधवांनीही कला बघावी’ म्हणून जीप पाठवली. मी वाटेत दोनदा म्हणालो, पोट दुखतंय, मला उतरवा. मायनं उतरू दिलं नाही.

हॉलच्या समोरच्या भिंतीवर ती होती. माणसाएवढी. ग्लिसरीनचा एकेक थेंब लिंबाएवढा, आणि थेंबांच्या मागे घट्ट मिटलेली, तजेलदार, शंभर टक्के रोगट डोमकळी. खाली शीर्षक: ‘संकोच’. त्याखाली जिजाजींनी कृतज्ञतेनं, ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं की हे फूल श्री. युवराज यांच्या शेतातलं आहे, आणि गावाचं नावही दिलं होतं, म्हणजे दुसरा कुणी युवराज समजायला नको.

शहरातली मंडळी चित्रापुढे माना तिरक्या करून उभी होती. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की, त्यांना यात उमलण्याआधीच्या मुलीचं मन दिसतं. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त साहेब म्हणाले, या कळीत एक प्रकारचं मौन आहे. आमचा गट मात्र ओळीनं उभा राहून चित्र बघत होता आणि त्यांच्यात जे होतं तेही मौनच होतं. मग एकेकानं माझ्याकडे वळून पाहिलं. झुलालआबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि चित्राखालचं माझं नाव सावकाश वाचलं.

“युवराजभाऊ,” ते म्हणाले, “हाई तुन्हाच वावरनी शे का?”

मी उत्तर द्यायच्या आत जिजाजींनी मला मंचावर ओढलं. भाषण केलं, की शेतकरी रोज हे सौंदर्य पाहतो पण त्याला त्याची जाणीव नसते, ती जाणीव करून देणं हे कलावंताचं काम. मग माईक माझ्या हातात. समोर पहिल्या रांगेत माय, डोळ्यांत पाणी. तिच्या शेजारी नव्या साडीत डिंपल. मागे आमचा गट. एक वाक्य पुरेसं होतं: ही कीड आहे, मी तोडणार होतो, यांनी तोडू दिली नाही. माझं नाव राहिलं असतं आणि माझ्या बहिणीचा नवरा भर सभेत उघडा पडला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हणालो, फूल माझ्याच वावरातलं आहे, आणि खाली उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक झाली. वरच्या तासांतली बोंडं फोडून आबांनी सतरंजीवर ठेवली होती. आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा. शेजारच्या दोन वावरांतही तेच सुरू झालं होतं. कुणी आवाज चढवला नाही. आबा एवढंच म्हणाले, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं त्यांनी म्हटलं नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. एकानं विचारलं, काही सांगायचं आहे का. मी नकारार्थी मान हलवली. जावयाचं नाव मी काढलं नाही आणि अध्यक्षपद आबांकडे गेलं. घरी येताना मला वाईट वाटत होतं आणि थोडं मोठंही वाटत होतं. बहिणीसाठी भावानं काहीतरी सोडलं होतं.

ते मोठेपण बहिणीच्या कानावर घालावं म्हणून मी आठवड्यानं धुळ्याला गेलो. बरोबर माय आणि पिशवीभर भरताची वांगी. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर ‘संकोच’ टांगलेलं. जिजाजी आतल्या खोलीत संगणकावर फोटो उजळत होते, माय देवापाशी बसली होती. स्वयंपाकघरात मी डिंपलला सगळं सांगितलं. ते फूल नव्हतं, कीड होती. मला माहीत होतं, पण तुझ्या संसाराकडे बघून मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला. पद गेलं, नाव गेलं, जाऊ दे. मला वाटलं, ती आता डोळ्यांना पदर लावेल.

डिंपल वांगी धूत होती. तिनं नळ बंद केला.

“माले डोमकळी वळखू येत नही का, भाऊ?” ती म्हणाली.

लहानपणी वडलांच्या मागे तीही सकाळी तासांतून फिरायची, माझ्यापेक्षा जास्त तोडायची, हे मी साफ विसरलो होतो. ती सांगत गेली: तिनं पहिल्याच दिवशी ओळखली होती. मला वाटलं विनवते आहे, आणि ती वाट बघत होती की मी आता बोलेन, आता बोलेन. तो फोनसुद्धा तिनं तक्रारीसाठी केलेला नव्हता. घरात जरा शांतता आहे, मला बरं वाटतंय, एवढंच तिला मायला सांगायचं होतं. मायनं पहिलं वाक्य ऐकूनच रडायला घेतलं.

मी चिडलो. म्हटलं, मग तू का नाही बोललीस. माझं पीक गेलं, शेजाऱ्यांचं गेलं, आणि तू चादर धरून उभी.

“वावर तुन्हं व्हतं,” ती म्हणाली. “माय तुन्ही, गाव तुन्हं. तुले एक दिन बोलता उनं नही. मी त रोज आठेच ऱ्हास.”

मला एक दिवस बोलता आलं नाही आणि ती तर रोज इथेच राहते, हे तिनं भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर मीही भांडलो असतो. तिनं नळ सोडला आणि राहिलेली वांगी धुवायला घेतली. मी तिथेच उभा राहिलो. एवढी वर्षं आम्ही त्या माणसाला मांडे वाढले, टोपी-उपरणी दिली, हवा अडवली, ट्रॅक्टर थांबवले, सगळं आमच्या पोरीला सुख मिळावं म्हणून. त्यातून त्याला एकच गोष्ट कळली होती, की या लोकांना काहीही चालतं. आणि तो हे कळून रोज हिच्या घरी येत होता. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात जिजाजी बाहेर आले. देशपातळीवरची कसलीशी स्पर्धा होती. त्यासाठी तशीच कळी हवी, पण या वेळी कोवळ्या उन्हात, तेव्हा फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीवर पाच-सहा राखून ठेवा म्हणाले. देवापाशी बसलेली माय तिथूनच म्हणाली, ठेवू, ठेवू.

“नाही ठेवणार,” मी म्हणालो. “जिजाजी, ते फूल नाही. त्याला डोमकळी म्हणतात. आत अळी असते. ती तुम्ही मला तोडू दिली नाही आणि मी तुम्हाला बोललो नाही, म्हणून गावातली तीन वावरं किडली. तुम्ही भिंतीवर टांगलाय तो आमचा रोग आहे.”

माय जपाची माळ हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. जिजाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्यावर गुडघे टेकून चित्राकडे पाहिलं, अगदी जवळून, ते फुलाला बघतात तसं. बराच वेळ. मला क्षणभर त्यांची कीव आली. वाटलं, आता हा माणूस खाली उतरेल आणि काहीतरी माणसासारखं बोलेल.

“जिवंत अळी? आत?” ते म्हणाले. “मग शीर्षक बदलावं लागेल. ‘अंतर्मुख’ कसं वाटतं?”

स्वयंपाकघरातून डिंपलच्या हसण्याचा आवाज आला. ती हसत बाहेर आली, हसता हसता भिंतीला टेकली आणि पदरानं डोळे पुसू लागली. मायला कळेना हसावं की जावयाची माफी मागावी. जिजाजींना वाटलं, शीर्षक आवडलं.

“देखं भाऊ?” डिंपल म्हणाली. “पण तू बोलना.”

मी बोललो, एवढंच तिला पुरे होतं. मग ती नवऱ्याकडे वळली. मी सासरी गेलेल्या माझ्या बहिणीचा तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिनं त्यांना सांगितलं की, सोफ्यावरून खाली उतरा, पाय धुतलेले नाहीत, आणि ते चित्र काढून ठेवा. जिजाजींनी मदतीसाठी मायकडे पाहिलं. माय तोंड उघडणार होती, पण तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती माळ घेऊन परत देवापाशी जाऊन बसली.

खिळा भिंतीत खोल गेला होता, त्यामुळे जिजाजींना जरा वेळ लागला. मी मदत केली नाही.